वन्सं, तुमचं गलबत

वन्सं,

खाली जिन्यापाशी आपल्या चाळीचा जो फळा आहे, त्यावर मंडळाच्या लोकांनी तुमच्या नावापुढे "गरीब स्वभावाच्या" असं लिहिलं होतं. शिवडीच्या स्मशानातून सगळे परत आले तेव्हा ते माझ्या नजरेला पडलं. मी पदराच्या टोकाने ते दोन शब्द पुसले. बाकी सगळं ठीक होतं. नाव बरोबर, वार बरोबर, वेळ बरोबर. पण तुमचा स्वभाव गरीब होता हे काळाचौकीत राहून कुणी लिहावं, आणि मी ते वाचून मुकाट्याने वर यावं, हे मला जमलं नाही.

परवा तुमचं तेरावं झालं. त्या दिवशी जे झालं ते मी शेवटी सांगणार आहे, क्रमाने. तुम्ही गोष्ट कुठूनही सुरू करायचात आणि चहा आला की सोडून द्यायचात. मला तसं येत नाही. सदतीस वर्षं मी मुलींना इंग्रजी शिकवलं, आधी काय आणि नंतर काय हे नीट लागलं नाही तर मला झोप येत नाही.

हे लिहिते आहे तुम्हाला, पण वाचणार आहेत नातवंडं. नील टोरांटोत आणि मीरा मेलबर्नला. दोघांना मराठी वाचता येतं, सावकाश. म्हणून सोपं लिहिते आहे. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा नीलचा फोन आला. म्हणाला, "आजी, त्या बोट बुडवणाऱ्या आजी होत्या ना? ज्यांचा हात अनलकी होता त्या?"

वन्सं, ती गोष्ट टोरांटोला पोचली आहे. आपल्या मजल्यावरच्या साळूबाईने आणि तिच्या नवऱ्याने ती तळ्याच्या काठावर सुरू केली, माझ्या विजूच्या लग्नात कुणीतरी ती विहीणबाईंच्या कानात घातली, विहीणबाईंनी मुलीला सांगितली, आणि माझ्या सुनेने ती बर्फात बसून माझ्या नातवाला सांगितली. त्यात तिचा दोष नाही. तिने ऐकलं ते सांगितलं. ज्याला खरं ठाऊक होतं ते माणूस गप्प बसलं होतं. ते माणूस मी.

तेव्हा ही गोष्ट दुरुस्त करायची आहे. त्यासाठी बसले आहे.

मी गिरगावातून लग्न होऊन काळाचौकीला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत सहा पातळं होती आणि उरलेली सगळी पुस्तकं. तुम्ही दारात उभ्या होतात, गिरणीतून नुकत्याच आलेल्या, केसांत कापसाचे तंतू. तुमच्या भावाने ओळख करून दिली, "ही माझी मोठी बहीण, यमुनाक्का. वाइंडिंग खात्यात आहे." तुम्ही माझ्या ट्रंकेकडे बघितलंत आणि म्हणालात, "गिरगावची मा तू? मगे तुका पाणी भरूक येता, का नुसता पेन भरूक?"

मी रडवेली झाले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी तुमच्या आधी नळावर गेले आणि चार कळशा भरल्या. तुम्ही बघितलंत आणि आपली कळशी नळाखाली लावलीत. पण त्या दिवसापासून मला "मास्तरीण" म्हणायला लागलात, आणि चाळीत दुसरं कुणी थट्टेने तसं म्हटलं तर त्याच्या अंगावर जायचात.

मुलांना हे ठाऊक नसेल, म्हणून सांगते. तुमचे वडील विजयदुर्गच्या खाडीत गलबतं बांधायचे. मुलगी म्हणून तुम्हाला हत्याराला हात लावू देत नसत, पण बघायला बंदी नव्हती. चौदाव्या वर्षी लग्न होऊन मुंबईला येईपर्यंत तुम्ही ते बघितलंत. पुढे नवरा क्षयाने गेला, मूल नव्हतं, आणि तुम्ही भावाकडे येऊन गिरणीत लागलात. एवढं सगळं मी या एका परिच्छेदात घातलं, कारण तुम्हीही कधी याहून जास्त सांगितलं नाहीत.

मग ती वर्षं आली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही, यावर सगळं शहर तापलं होतं. तुम्ही मोर्चाला जायचात आणि मी वह्या तपासायचे. आपलं पहिलं मोठं भांडण त्यावरच झालं. मी म्हटलं, "वन्सं, रस्त्यावर ओरडून सरकारं बदलत नाहीत. निवेदन द्यावं, मुद्दे मांडावेत." तुम्ही म्हणालात, "तू मुद्दे मांड. मी ओरडतंय. कोणाचा आधी ऐकू जाता ता बघूया." शहरात गोळीबार झाले त्या दिवसांत एकदा तुम्ही संध्याकाळी घरी आलात ते एका पायात चप्पल, डोळे अश्रुधुराने टोमॅटोसारखे लाल. मी तुमचे डोळे धुवत होते आणि धुता धुता बोलतही होते, जिवाचं काही झालं असतं म्हणजे, वगैरे. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "मुंबई मिळाली मा, की मी गलबत सोडतलंय. गिरणीच्या तळ्यात."

मला वाटलं, धुराने डोकं भणभणलं आहे.

आठवड्याने तुम्ही पहिली फळी घरी आणलीत.

आता तळ्याचं सांगते, कारण नीलला गिरणीत तळं असतं हे खरं वाटणार नाही. आपल्या गिरणीच्या मागे, विणकाम खात्याच्या भिंतीला लागून, इंजिनं थंड करायला चांगलं मोठं तळं होतं. पाणी नेहमी कोमट असायचं आणि थंडीत सकाळी त्यावर वाफ दिसायची. दोन पुरुष खोल. आजूबाजूच्या सगळ्या चाळींना ते गॅलरीतून दिसायचं आणि कामगारांना त्याच्या काठावर उभं राहायला बंदी होती. तुम्हाला नेमकं तेच तळं हवं होतं. मी एकदा म्हटलं, समुद्र तर दहा मिनिटांवर आहे. तुम्ही म्हणालात, समुद्रावर कोण अडवतोय?

चार वर्षं तुम्ही ते गलबत बांधलंत, चाळीच्या मागच्या अंगणात, नळाशेजारी. विलायतेहून यंत्रं ज्या खोक्यांतून यायची त्या देवदारी फळ्या. गिरणीतला भिकू सुतार सुट्टीच्या दिवशी रंधा मारायला यायचा, पण कुठली फळी कुठे वाकवायची हे तुम्ही सांगायचात. सांध्यांत गिरणीचाच टाकाऊ कापूस तेलात भिजवून ठासलात. आठ हात लांब, मधे डोलकाठी, तिला शीड, मागे सुकाणू, तळात तोलाला गिरणीचं भंगार लोखंड. अगदी खरं गलबत, लहान. दोन माणसं जेमतेम बसतील एवढं. फळ्यांवर ठशाची इंग्रजी अक्षरं होती. ती तुम्ही मला वाचून दाखवायला लावायचात, आणि त्या अक्षरांवरच तुम्ही ए, बी, सी शिकलात. "ही बाजू वर" असं लिहिलेली फळी तुम्ही मुद्दाम उलटी बसवलीत. मी दाखवल्यावर म्हणालात, "विलायतेचा सांगणा आता कित्याक ऐकूचा?"

आणि पाणी.

गलबत आकाराला आल्यापासून तुम्ही रोज सकाळी त्याच्यात दोन बादल्या पाणी ओतायचात आणि बाहेरून ओली गोणपाटं पांघरायचात. मला ते बघवत नसे. नळाला दोन तास पाणी, बायका रांगेत उभ्या, आणि तुम्ही दोन बादल्या लाकडाला पाजताय. शिवाय त्या साचलेल्या पाण्यात डास. म्युनिसिपालिटीचं मलेरियाचं पत्रक मी तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. तुम्ही शांतपणे सगळं ऐकलंत आणि म्हणालात, "लाकूड मेला तरी तेची तहान जाणा नाय, इंदू." मी म्हटलं, हे शास्त्र नव्हे. तुम्ही म्हणालात, "मगे तुझ्या शास्त्राक सांग, एक दिवस उपाशी रव."

तेव्हा मी नीट ऐकलं असतं तर हा कागद लिहावा लागला नसता. फळ्या ओल्या असल्या की फुगतात, एकमेकींना घट्ट भिडतात, आणि सांधा बंद राहतो. सुकल्या की आकसतात. तुम्ही मला तुमच्या भाषेत शास्त्रच सांगत होतात. मी भाषा ऐकली आणि शास्त्र सोडून दिलं.

राज्य होणार हे नक्की झालं, तारीख ठरली, आणि तळ्यात गलबत सोडायला परवानगी मागायचा अर्ज मी इंग्रजीत लिहिला. तुम्ही म्हणालात, मराठीत सांग काय लिवलंस. मी सांगितलं: आम्ही कामगार त्या आनंदाच्या दिवशी आपल्या तळ्यात एक खेळण्यातलं गलबत सोडू इच्छितो.

"खेळणा? मी चार वर्सां खेळतंय काय गो?"

"अहो, खेळणं म्हटलं तर परवानगी देतील. गलबत म्हटलं, माणूस बसणार म्हटलं, तर मॅनेजर घाबरेल."

"घाबरूदेत. खोड तो शब्द."

"वन्सं, अर्ज मिळण्यासाठी करायचा असतो, भांडण्यासाठी नाही."

"तुझो नवरो क्लार्क आसा म्हणान तू असा बोलतस. खोड."

मी तुमच्यासमोर तो शब्द खोडला. मग शाळेत जाऊन स्वच्छ प्रत काढली आणि तिच्यात तो पुन्हा लिहिला. परवानगी एका तासाची मिळाली. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. आज सांगून टाकलं. अजूनही मला वाटतं की माझंच बरोबर होतं, तेव्हा त्यावर आपलं भांडण चालू आहे असं समजा.

तारखेच्या वीस दिवस आधी विजयदुर्गहून तुमच्या वडिलांच्या आजारपणाचं पत्र आलं. तुम्ही भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गेलात. निघताना मला दोनदा बजावलंत, "रोज दोन बादल्ये. चुकवू नको."

दोन-तीन दिवस मी पाणी घातलं. मग माझ्या मनात आलं की त्या दिवशी सगळी वस्ती बघायला येणार, मॅनेजर येणार, आणि आपलं गलबत असं काळपट, शेवाळलेलं, कापूस बाहेर आलेलं. रंग द्यायला हवा. तुम्हाला न सांगता द्यावा, तुम्ही आलात की बघाल. रंग ओल्या लाकडावर बसत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पुस्तकात होतं.

मी पाणी उपसलं. आतून सोडा लावून घासलं. गोणपाटं काढून धुऊन गच्चीवर वाळत टाकली. एप्रिलच्या उन्हात आठ दिवस मी तुमचं गलबत कोरडं खडखडीत केलं, मग त्याला दोन हात रंग दिला, वरून निळा, खालून पांढरा, आणि नाकाशी भगवी पट्टी. मला फार अभिमान वाटला. फळ्यांमध्ये ज्या फटी पडल्या होत्या त्या रंगाने बुजल्या, दिसेनाशा झाल्या. साळूबाई, आपल्या मजल्यावरच्या जॉबरची, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाची बायको, येऊन म्हणाली, "मास्तरीणबाईंनी हात फिरवला म्हणून माणसांत आलं."

तुम्ही आदल्या दिवशी संध्याकाळी आलात. वडील सावरले होते. बोचकं माझ्या हातात दिलंत आणि आधी अंगणात गेलात. मी मागून आले. तुम्ही हाताचा पंजा पसरून गलबताच्या कुशीवरून फिरवलात, नाकापासून सुकाणूपर्यंत, फार सावकाश. मी वाट बघत होते. तुम्ही वळलात आणि म्हणालात, "रंग बरो दिलंस."

एवढंच. मी खूश होऊन वर पोळ्या करायला गेले.

दुसऱ्या दिवशी वस्तीत गुढ्या होत्या, गुलाल होता, लेझीम होतं. तळ्याच्या चारही काठांवर माणसं. पूजेचं ताट तयार होतं. तुम्ही पुढे झालात, तर साळूबाईने ताट मागे घेतलं. म्हणाली, "यमुनाक्का, राग मानू नका, पण पहिलंच राज्य, पहिलाच दिवस. सवाष्णीच्या हातून होऊ दे. इंदूबाई आहेत ना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. साळूबाईच्या हातातून ताट घेतलंत, ओढून नव्हे, उचलून, आणि म्हणालात, "जेना बांधला तेचो पयलो हात. माझ्या बापाशीच्या खळ्यात हीच रीत." गलबताच्या नाकाला हळद लावलीत, कुंकू लावलंत, नारळ फोडलात. विधवा बाई कुंकवाची बोटं घेऊन शेकडो माणसांसमोर उभी होती.

मग तुम्ही एकट्याच आत बसलात. भिकू तुमच्याबरोबर बसायला निघाला तर त्याला हाताने मागे सारलंत. शिवडीच्या बाजूने वारा होता. शीड भरलं. लोकांनी जो आवाज केला तो मला अजून ऐकू येतो. गलबत सरळ चाललं, वन्सं, इतकं सरळ, की मी मनात म्हटलं, मुद्दे मांडणाऱ्यांनी हे कधी केलं असतं?

तळ्याच्या मध्यावर ते जड झालं. निळी कड पाण्याला लागली. आत पाणी आलं होतं हे आम्हाला काठावरून कळत होतं, पण तुम्ही ते उपसत नव्हतात. पळी नव्हती असं नाही, पळी पायाशी होती. तुम्ही सुकाणू धरून ताठ बसल्या होतात, सरळ पुढे बघत. डोलकाठी उभीच्या उभी खाली गेली. शेवटी शीड पाण्यावर पसरलं आणि त्याच्या बाजूने तुमचं डोकं वर आलं. पदर दातात धरून, एका हाताने पाणी कापत तुम्ही काठाला आलात.

आधी कुणीतरी हसलं. मग साळूबाईचा नवरा, जॉबर, म्हणाला, "राज्याच्या पहिल्याच दिवशी अपशकुन. सांगत होते सगळे, पांढऱ्या कपाळाच्या बाईने…"

तुम्ही पातळ पिळत होतात. पिळता पिळता म्हणालात, "राज्य काय खोक्याच्या फळ्यांचा केलात? तसा आसात तर आताच सांगा, परत रस्त्यार बसूया."

ज्यांना तोंडावर बोलता येत नाही ते लोक मागून बोलतात. त्या दिवसापासून तुम्ही "बुडवी" झालात. नव्या घराचा उंबरा, बाळाचं बारसं, मंडळाची मूर्ती, कुठेही तुम्ही पुढे आलात की कुणीतरी हळूच मधे यायचं. गलबत वर काढायला परवानगी मिळाली नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की डोलकाठीचं टोक दिसायचं, आणि गॅलरीत उभं राहून बायका पोरांना ते बोटाने दाखवायच्या, ते बघ, यमुनाक्काचं.

मला कधी कळलं? त्याच संध्याकाळी. गोणपाटं गच्चीवरून काढताना ती हातात करकर वाजली, इतकी कोरडी होती, आणि माझ्या डोक्यात दोन आणि दोन चार झाले. मी यांना सांगितलं. तुमचा भाऊ म्हणजे मऊ माणूस. म्हणाले, "आता कशाला? चार दिवसांत विसरतील. तू शाळेत शिकवतेस, तुझं नाव कशाला?" मला हेच ऐकायचं होतं, म्हणून मी ते ऐकलं.

चार दिवसांत कुणी विसरलं नाही. विजूच्या लग्नात, दादरच्या हॉलमध्ये, तुम्ही अक्षतांचं ताट घेऊन उभ्या होतात. नवरीच्या मावशीने ते तुमच्या हातून काढून घेतलं, "राहू द्या, तुम्ही बसा आरामात." मी चार हातांवर होते. मी बघितलं, आणि बघितलं नाही असं केलं. विजूला तुम्ही वाढवलंत. मी शिक्षकीची बी.टी. परीक्षा देत होते तेव्हा त्याला सांभाळता यावं म्हणून तुम्ही गिरणीतली पाळी बदलून घेतली होती, कायमची सकाळची. त्याच्या डोक्यावर अक्षता टाकायला तुम्ही शेवटच्या रांगेत गेलात. तिथून तुमचा नेम चांगला होता, एवढं तुम्ही घरी येऊन म्हणालात.

एक प्रश्न मला जन्मभर विचारायचा होता. त्या संध्याकाळी तुमचा पंजा फळ्यांवरून फिरला, तेव्हा तुम्हाला कळलं होतं का? गेल्या पावसाळ्यात तुम्ही अंथरुणाला लागलात तेव्हा मी सुरुवातही केली होती. "वन्सं, ते गलबताचं…" तुम्ही म्हणालात, "चाय थंड झाली गो." मी चहा गरम करायला उठले. मला उठायचंच होतं.

आता परवाचं.

तेराव्याला गॅलरीत सतरंज्या टाकल्या होत्या. विजू टोरांटोहून आला होता. जुनी माणसं फार उरली नाहीत, पण साळूबाई आली, तिचा मुलगा तिला धरून घेऊन आला. तिला आता कमी ऐकू येतं, त्यामुळे मोठ्याने बोलते. पानावर बसल्यावर म्हणाली, अगदी मायेने, "यमुनाक्काचं मन चांगलं होतं हो. हात चांगला नव्हता, पण मन चांगलं होतं."

चार-पाच जणींनी माना हलवल्या.

मी हातातलं वरणाचं भांडं खाली ठेवलं आणि म्हटलं, "गलबत मी बुडवलं."

विजू म्हणाला, "आई, बस."

मी बसले नाही. वर्गात शिकवावं तसं मी सांगितलं. लाकूड सुकलं की काय होतं, रोज दोन बादल्या कशासाठी होत्या, मी त्या बंद केल्या, आठ दिवस ऊन दाखवलं, फटींवर रंग फासला. त्यात हाताचा काही संबंध नव्हता. असलाच तर माझ्या हाताचा होता, आणि माझ्या कपाळावर तेव्हा ठसठशीत कुंकू होतं. हे मी त्यांना दोनदा सांगितलं, कारण मुद्द्याचं तेच होतं.

कुणीतरी म्हणालं, "जाऊ दे ना बाई, इतकी वर्षं झाली."

"झाली," मी म्हटलं. "तेवढी वर्षं त्यांनी काढली. तुम्ही पाच मिनिटं काढा."

तेव्हा कोपऱ्यातून भिकू बोलला. भिकू सुतार, नव्वदीला टेकलेला, ज्याला मी विसरलेच होते. "बाई, आदल्या संध्याकाळी मी होतो की तिथं, तुम्ही वर पोळ्या करायला गेलात तेव्हा. मी सांध्यावर नख फिरवलं तर रंगातून आत गेलं. म्हटलं, आक्का, उद्या नको. दोन दिवस तळ्यात बुडवून ठेवू, परवा सोडू."

"मग?"

"आक्का म्हणाल्या, परवा सोडला तर सगळे इचारतले, काल कित्याक नाय. कोणी सुकवला. माका पोहूक येता, म्हणाल्या. माका नावां ठेवूची तेंका सवय आसा. इंदूक ह्या चाळीत अजून दिवस काढूचे आसत." भिकू पाणी प्यायला. "मला शपथ घातली होती. आता त्या नाहीत, म्हणून सांगितलं."

वन्सं, तुम्हाला वाटत असेल की मी रडले. मला राग आला. अजून आहे. तुम्ही मला विचारलं नाहीत. माझ्या चुकीचं काय करायचं ते तुम्ही माझ्या पाठीमागे, भिकू सुताराबरोबर ठरवून टाकलंत. मी उभी राहिले असते, मी सगळ्यांसमोर सांगितलं असतं. हे वाक्य मी आत्ता लिहिलं आणि थांबले, कारण ते खोटं आहे. सत्तावीस वर्षांची मी तेव्हा उभी राहिले नसते. तुम्ही पंजा फिरवलात तेव्हा फळ्यांबरोबर तेही तुम्हाला कळलं होतं. माझ्यातली ती फट तुम्हाला दिसली आणि तुम्ही तिच्यावर पदर घातलात. त्याबद्दल मी तुमची आभारी आहे, आणि त्याबद्दलच मी तुमच्यावर चिडलेली आहे, आणि यातलं एक दुसऱ्यामुळे कमी होईल असं मला दिसत नाही.

पण तुमची शपथ मी पाळणार नाही. भिकूने घेतली होती, मी नव्हती घेतली. हा कागद टोरांटोला जाणार आहे आणि मेलबर्नला जाणार आहे, आणि त्याची एक प्रत सूनबाईच्या आईला जाणार आहे, रजिस्टरने.

भिकूचं बोलून झालं तेव्हा गॅलरीत कुणी जेवत नव्हतं. विजू खाली मान घालून बसला होता. फक्त साळूबाई इकडून तिकडे बघत होती. कानाला हात लावून तिने मुलाला विचारलं, "काय म्हणते मास्तरीण?"

मुलगा म्हणाला, "काही नाही आई, जेव तू."

मी तिच्या पानासमोर जाऊन खाली बसले. गुडघे दुखतात, वेळ लागला. तिच्या कानाशी तोंड नेलं, आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, खालच्या मजल्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

तुमची,
इंदू